सगळ्यात गार जागा

हॅलो?... हो, मीच. आई, हळू बोल... नाही गं, आजारी नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात उभा आहे म्हणून कुजबुजतोय. ताई आत आहे. तोंडी परीक्षा चालू आहे तिची.

हो, आत्ता. दाराला काच आहे. मला सगळं दिसतंय, ऐकू काही येत नाही. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघतो ना आपण, तसं.

नाही, रडत नाहीये. उभी आहे. हातात पाण्याची बाटली. झाकण उघडते आणि परत लावते. पीत मात्र नाही.

जेवली का? आई, तिचं सगळं शिक्षण आत पणाला लागलंय आणि तू... खाल्लं तिने. दोन केळी... केळी हे जेवण नाही, मान्य. पण ती घशाखाली गेली हे आज मोठं समज.

कोण म्हणालं सगळं बुडालं?... ताईच?... कधी?... अच्छा, त्या रात्री. बरोबर आहे, त्या रात्री बुडालंच होतं. आता तरंगतंय. बुडायचं की पोहायचं ते आतली तीन माणसं ठरवतायत.

मग तुला नंतर कोणी काहीच सांगितलं नाही?... नुसतं 'ठीक आहे' असा मेसेज... हो, ती कामात असली की तेवढंच पाठवते. मलाही तेच पाठवते, आणि आम्ही एकाच खोलीत राहतो.

सांगतो ना. अगं ऐक ना. पण मध्ये बोलू नकोस. मध्ये बोललीस की माझा क्रम चुकतो, मग मी बेकरीपासून सुरू करतो, आणि बेकरी खूप नंतर आहे.

तर. तिचा विषय माहीत आहे तुला?... नाही. पावसाचा अंदाज नाही. आई, दोन वर्षं तू सगळ्यांना सांगतेयस की मुलगी पावसाचा अंदाज सांगायला शिकतेय?... तरीच. शेजारच्या काकूंनी मला फोन करून विचारलं होतं, गाद्या उन्हात टाकू का म्हणून. मी हो म्हटलं... भिजल्या? हे मला माहीत नव्हतं. त्यांना सांगू नकोस मी विचारलं ते.

विषय असा आहे. हवामान बदलतंय, उन्हाळा आधी येतो, उशिरा जातो आणि मधल्या काळात आपल्याला भाजून काढतो. तर त्याने माणसांचं नक्की काय होतं. लोण्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, माणसाचं कोणी मोजत नाही. सरकारी तापमान असतं ना, बातम्यांत सांगतात ते, ते मोकळ्या मैदानात सावलीत ठेवलेल्या पेटीतलं असतं. ताईचं म्हणणं, त्या पेटीत कोणी राहत नाही. माणसं राहतात तिथलं मोजा. झोपतात, कपडे शिवतात, भांडी घासतात तिथलं.

हो, वाक्य चांगलं आहे. तिचंच आहे. मी दोन ठिकाणी स्वतःचं म्हणून वापरलं, दोन्हीकडे चाललं.

म्हणून तिने त्या पांढऱ्या डब्या वाटल्या. साबणाच्या वडीएवढ्या, तुझ्याकडे आहे ना एक, तीच. आपोआप तापमान नोंदवत बसते. आमच्या गल्लीत इस्त्रीवाल्या काकांना दिली, बेकरीवाल्या मावशींना दिली, कोपऱ्यावरच्या वेल्डरला दिली, अजून बऱ्याच घरांत दिली. आणि देताना प्रत्येकाला एकच सांगितलं... तुलाही तेच सांगितलं होतं ना?... तेच. 'कॉलेजची आहे, जपून ठेवा.'

हं. तिथेच सगळा घोटाळा झाला.

अगं लोकांनी जपली ना. महिनाभर जपली. घरात पाहुणा आला तर त्याला इतकं जपत नाहीत. मग ताई सगळ्या डब्या गोळा करून आणते, आकडे काढते, आणि बघते तर काय, इस्त्रीचं दुकान थंड हवेचं ठिकाण निघालं. वेल्डरच्या शेडमध्ये स्वेटर लागेल इतकी हवा. आणि बेकरीत चार अंश. आई, चार अंशाला माणूस पाव भाजत नाही. चार अंशाला माणसालाच साठवून ठेवतात.

नाही, डब्या बिघडल्या नव्हत्या. तोच तर पहिला संशय. ताईने एक डबी माझ्या काखेत धरायला लावली. मी सदतीस निघालो. म्हणजे डबी ठीक आणि मीही ठीक.

झालं असं, की मावशींनी डबी लोण्याच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. 'भट्टीजवळ बिचारी वितळली असती,' म्हणाल्या. वेल्डरने तर दुकानात ठेवलीच नाही. समोरच्या औषधाच्या दुकानात एसी आहे, तिथे काउंटरवर नेऊन बसवली, आणि रोज सकाळी जाऊन बघून यायचा, बरी आहे ना म्हणून. औषधवाल्याला वाटलं ह्याचं कोणीतरी आजारी आहे. तो रोज चौकशी करायचा. हा म्हणायचा, 'स्थिर आहे.'

हसू नकोस, ताई त्या रात्री हसत नव्हती. फरशीवर बसली होती भिंतीला टेकून. तेव्हाच तुला फोन केला तिने.

हो, मीच उचलून दिला फोन तिला. तू काय बोललीस ते ऐकलं नाही मी. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो होतो... पाणी वाया नाही घातलं, खाली बादली होती.

मॅडमनी, म्हणजे तिच्या गाइडनी, सरळ सांगितलं, हे आकडे टाकून द्यायचे. पुन्हा महिनाभर मोजायला वेळ नाही, तर पुढच्या वर्षी परीक्षा दे. आता तुला आणि मला माहीत आहे, पुढचं वर्ष म्हणजे काय. बाबांनी एवढंच वर्ष दिलं होतं. या वर्षी झालं तर पुढचं शिक, नाही झालं तर त्यांच्या छापखान्याच्या ऑफिसातली ती जागा धर... हो, साहेबांनी अडवून ठेवलीय तिच्यासाठी, माहितीय मला. उद्यापर्यंत कळवायचंय तेही माहितीय. म्हणून तर मी इथे काचेला नाक लावून उभा आहे.

थांब... काही नाही. एक जण खोकला.

बाहेरून आलेत ते. दुसऱ्या कॉलेजचे परीक्षक. कडक इस्त्री, कडक मिश्या. आल्यापासून हसलेले नाहीत. मी त्यांना नमस्कार केला तर त्यांनी मला छत्री दिली. शिपाई समजले बहुतेक. धरून उभा आहे अजून.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते ऐक, खरी गोष्ट तिथे आहे. मी म्हटलं, चल, जाऊन भांडू सगळ्यांशी. मी तर बाह्याही सरसावल्या होत्या. ताई म्हणाली, तू फक्त उभा राहा आणि तोंड उघडू नकोस. मग इस्त्रीवाल्या काकांकडे गेलो. भर उकाड्यात तो माणूस कोळशाची इस्त्री घेऊन उभा, घाम हनुवटीवरून टपकतोय, कपड्यावर पडू नये म्हणून मान एका बाजूला धरून काम करतात ते. वर्षानुवर्षं तशी धरून धरून मान तिकडेच वळलीय. मला वाटायचं ते रस्त्यावर लक्ष ठेवतात.

ताईने विचारलं, काका, डबी कुठे ठेवली होती? त्यांनी टेबलाखालचा कोनाडा दाखवला. मागून बारीक फट आहे, गल्लीतली हवा येते. तिथे ओल्या फडक्यावर ठेवायचे, फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचे. अभिमानाने सांगत होते. 'दुकानात सगळ्यात गार जागा हीच. दुसरीकडे ठेवली असती तर तापली असती ना बिचारी.'

आता तिच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं, काका, तिने तापायचंच होतं, तेवढ्यासाठीच तिचा जन्म. ताई मात्र ते ओलं फडकं हातात घेऊन उभी राहिली नुसती. मग म्हणाली, 'आणि तुम्ही कुठे बसता?'

काका म्हणाले, 'मी काय, मला सवय आहे.'

...

हॅलो? आहेस ना?... मला वाटलं कट झाला.

तर तिथे तिच्या डोक्यात काहीतरी पेटलं बघ. मला दिसलं ते. लहानपणी ती गणित सुटलं की वेणीचं टोक दातात धरायची ना, आता वेणी नाही, तर तिने त्या फडक्याचं टोक धरलं. मी ओढून काढलं.

मला रस्त्यात म्हणते, आकडे चुकलेले नाहीत. आकडे एकदम बरोबर आहेत, फक्त आपण विचारलेल्या प्रश्नाचे नाहीत. प्रत्येक माणसाला आपल्या घरातली, दुकानातली सगळ्यात गार जागा माहीत आहे. न मोजता. आणि ती जागा त्याने स्वतःला घेतलेली नाही. मग ती कोणाला दिलीय ते विचारू, आणि आता माणूस आहे तिथलं मोजू. दोन आकड्यांतला फरक, तोच माझा प्रबंध.

हो ना. मी रस्त्याच्या मध्ये थांबलो. मागून सायकलवाला शिव्या देऊन गेला, त्यालाही मी मान डोलावली.

मग काय, तिने त्याच डब्यांना दोऱ्या बांधल्या आणि सगळ्यांच्या गळ्यात अडकवल्या. परीक्षेपर्यंत जेवढे दिवस हातात होते तेवढे. यावेळी सांगितलं, जपू नका. आपटा, घाम लागू दे, पीठ लागू दे, आंघोळीला तेवढी काढा. लोकांना ते जड गेलं. वेल्डर तर म्हणाला, ताई, गळ्यात घालतो, पण वाईट वाटतं हो तिच्यासाठी.

मी दारोदार जाऊन दोऱ्या तपासायचो. ताई बसून विचारायची. गार जागा कोणती, कोणाला दिलीय, कोणी ठरवलं. आई, तुला सांगतो, असे प्रश्न विचारायला लागलं की लोक आधी हसतात आणि मग जे बोलायला लागतात ना. एका घरी गार कोपरा टीव्हीचा. टीव्ही तापून बंद पडतो म्हणून. आजोबा खिडकीशी उन्हात आणि टीव्ही कोपऱ्यात, आणि आजोबा टीव्हीकडे अशा नजरेने बघतात की वाटावं थोरला भाऊ वाटणी घेऊन गेला. एका घरी बाळाचा. एका शिंपीणबाईंकडे गिऱ्हाइकांचं रेशमी कापड. बेकरीत लोणी. माणसाचा नंबर सगळ्यांच्या मागे, आणि बाईमाणसाचा त्याच्याही मागे. चूल जिथे तिथे ती, विषय संपला.

काय फरक निघाला? इस्त्रीवाल्या काकांच्या कोनाड्यात आणि काकांच्या गळ्यात इतका फरक की मॅडमनी कागद उलटा धरलाय का ते बघितलं. मग ताईला म्हणाल्या, हे मला सुचलं नसतं.

असं म्हणाल्या. मी ऐकलंय स्वतःच्या कानांनी. मॅडम कोणाचं कौतुक करत नाहीत, त्यांच्या नवऱ्यानेही सोडून दिलीय म्हणे ऐकायची आशा.

मलाही सुचलं नसतं, पण मी तिला सांगितलं नाही तसं. तिच्या डोक्यात हवा जाईल. पण आई, खरं सांगू, मी त्या रात्री मनात तिचं सामान बांधून मोकळा झालो होतो. मोठी बॅग तिला, लहान मला, असंही ठरवलं होतं. आणि ही बाई सकाळी उठून चूक होती तिचाच... थांब, थांब. परीक्षक उठले.

फळ्याकडे चाललेत. मोठा तक्ता लावलाय तिने, ठिपक्यांचा. निळा ठिपका म्हणजे डबीची जागा, लाल म्हणजे माणसाची. प्रत्येक निळ्याला एक लाल, मध्ये रेघ. बघताना असं वाटतं सगळ्यांना कोणीतरी टांगून ठेवलंय.

ते एका ठिपक्यावर बोट ठेवतायत. खालचा, कोपऱ्यातला. निळा आहे. त्याला लाल नाही... एकटाच आहे तो. हा कोणाचा...

आई, तो आपला आहे.

आपला म्हणजे तुझा. आपल्या घराचा. तू रोज डबीच्या पडद्याचा फोटो पाठवतेस ना तिला, ते आकडे. ताईने पहिल्या तक्त्यात घातले होते. दुसऱ्यांदा मोजायला ती इथून कशी येणार, आणि तुला फोन करून सांगायचं तर आधी ते का बुडालं इथपासून... नाही विचारलं तिने. लाजली असेल.

पण आपले आकडे छान होते. सगळ्यांत सुखी घर आपलं. आम्ही म्हणत होतो, आईबाबा मजेत आहेत...

आई. तू डबी कुठे ठेवलीयस?

नाही, सांग ना. रागावत नाही. कोण रागावणार, फ्रिजमध्ये डबी ठेवणाऱ्या बाईला आम्ही प्रबंधात घातलंय.

पॅसेजमध्ये?... बाथरूमशेजारी, खाली फरशीवर?... तिथे तर बाबा झोपतात ना. रात्रपाळी करून आले की. आपल्या घरात दिवसा झोप लागेल अशी तेवढीच जागा आहे, म्हणून तर आपण लहानपणी दुपारी घरात पाय घासत चालायचो...

मग बाबा कुठे झोपतात?

स्वयंपाकघरात.

आई, ओट्याखाली?... गॅस चालू असताना?... म्हणजे महिनाभर डबी गार फरशीवर आणि बाबा... अजूनही? अजून तिथेच झोपतायत? का?... ताईने थांबा म्हणून सांगितलंच नाही, बरोबर. तिने सांगितलं नाही म्हणून त्यांनी...

तू त्यांना हलवलंस?... त्यांनी स्वतःच? स्वतः गादी उचलून नेली? काय म्हणाले?... 'तिची आहे, तिला राहू दे.' बास? एवढंच?

आणि हेच बाबा मला गेल्या महिन्यात फोनवर म्हणत होते, डब्या वाटून कोणाचं पोट भरलंय.

हं... हं... नाही, रडत नाहीये मी. व्हरांड्यात धूळ आहे.

थांब, दार उघडतंय. ताई येतेय बाहेर... हो, आईच आहे फोनवर... आई, ती म्हणतेय परीक्षकांनी विचारलंय, हे एक घर अर्धवट का. तिने सांगितलं माझ्या आईवडिलांचं आहे, लांब आहे. तर ते म्हणाले, मग विचारा की आत्ता. त्यांच्यासमोर. म्हणून ती फोन करायला बाहेर... ताई, तो पॅसेज आठवतो? बाबांचा? तिथे ठेवलीय डबी. हो. बाबा ओट्याखाली झोपतात. हो, अजून.

आई, तिने माझ्या हातातली छत्री घेतली आणि परत माझ्याच हातात दिली.

चला, आत चाललोय आम्ही. मी तुला परीक्षकांच्या हातात देतोय. सगळ्यांना ऐकू जाईल असं लावणार होतो, पण ते म्हणतायत नको, मी बोलतो... केस विंचरलेले नाहीत? आई, हा फोन आहे. बोल. जे मला सांगितलंस तेच सांग.

(आता फोन परीक्षकांच्या हातात आहे.)

हॅलो. नमस्कार. मी बाहेरचा परीक्षक... नाही, आता आतच आहे. बाहेरचा म्हणजे दुसऱ्या कॉलेजचा.

हो, तुमच्या मुलीचीच परीक्षा... केळी? कल्पना नाही. खाल्ली असावीत... हो, चहा देतील इथे. देतील. मी सांगतो.

बाई, मला एवढंच विचारायचं होतं, ते तापमानाचं यंत्र... हो, डबी. ती आपण... हं. पॅसेजमध्ये. आणि तिथे आधी... हं. हं.

रात्रपाळी किती वर्षं करतात?... आणि सध्या झोप लागते त्यांना?... उठून बसतात. पाणी डोक्यावर घेतात आणि पुन्हा आडवे. हं. आणि त्याबद्दल काही म्हणाले नाहीत?... म्हणजे मुलीला माहीत नव्हतं.

नाही, नाही, चूक तुमची नाही. चूक अशी म्हणता येणार नाही. उलट...

मी?

माझ्या घरी? त्याचा इथे काही संबंध... नाही, प्रश्न योग्य आहे. सगळ्यांना विचारला आहे म्हणता, तर... आमच्याकडे गार जागा म्हणजे जिन्याखाली. हो, दुपारीही गार असते. तिथे कुत्रा असतो... मोठा आहे. केसाळ. त्याला उन्हाचा त्रास होतो म्हणून.

मी माझ्या खोलीत असतो. तिथे पंखा आहे.

आई? आहे ना. आमच्याकडेच असते... वर. वरच्या मजल्यावर. गच्चीखालची खोली... नाही, तिलाच आवडते. उजेड असतो म्हणून... ऐंशीच्या पुढे... तिने तसं कधी म्हटलेलं नाही. ती म्हणते, मला...

...

नाही, फोन चालू आहे. ऐकतोय मी.

म्हणते, मला सवय आहे.

...

हो. हो, बरोबर. बघतो. आज गेल्यावर बघतो... नाही, उद्या नाही, आजच. आभारी आहे. मुलाकडे देतो. आणि ती छत्री माझी आहे, त्याने चुकून घेतलेली दिसते.

(आता पुन्हा मुलगा.)

हॅलो, आई? काय सांगितलंस तू त्यांना?... काही नाही कसं? त्यांनी फोन दिला आणि चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता. मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या, कोणाला द्यावा ते त्यांना कळेना, शेवटी स्वतःच प्यायल्या.

आम्हाला बाहेर काढलंय आता. चर्चा चालू आहे. ताई इथे पायरीवर बसलीय.

बोलेल तुझ्याशी. आत्ता नको. तिला विचार करायचाय म्हणते. तुला माहितीय, ती विचार करत असताना तिच्याशी बोललं की ती 'ठीक आहे' म्हणते.

काच आहेच. मॅडम हात हलवून बोलतायत. परीक्षक ऐकतायत. तिसरे आहेत ते फक्त मान हलवतात, दोघांच्याही बोलण्याला. परीक्षक परत तक्त्याशी गेले. खिशातून पेन काढलं... आई, ते तक्त्यावर काहीतरी काढतायत. ताईच्या तक्त्यावर. स्वतःच्या हाताने. निळा ठिपका काढला एक, अगदी खाली. आणि लाल... लाल पेन मागतायत मॅडमकडे. लाल ठिपका पार वर काढलाय. तक्त्याच्या बाहेर गेलाय, भिंतीवर.

ताई, बघ ना, भिंतीवर काढला... ती बघतेय. उठून उभी राहिलीय.

मॅडम येतायत. थांब. फोन ठेवू नकोस. श्वासही घेऊ नकोस.

...

आई.

झालं. मान्य केलं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या संशोधनाला इथेच जागा आहे तिला, हवी असेल तर. फक्त एक अट. तो एकटा ठिपका पूर्ण करायचा, मगच छापून बांधायचं. आठवडाभर डबी बाबांच्या गळ्यात.

हो गं. पास. पास म्हणजे पास... तू खाली बस आधी. बसलीस?... ताई मॅडमच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी आहे आणि मॅडमना असं काही करायची सवय नाही, त्या तिच्या पाठीवर फाइलने थोपटतायत.

कोण उठलं?... बाबा? आवाजाने? दे त्यांना. दे.

हॅलो, बाबा... हो, झालं. मान्य झालं. तुमच्यामुळे थोडं अडलं होतं आणि तुमच्यामुळेच सुटलं... ते आई सांगेल सावकाश. तुम्ही एक करायचं. ती डबी दोरीला बांधून गळ्यात घालायची. झोपताना पण. आणि आठवडाभर आहात तिथेच झोपायचं, ओट्याखाली. मग पॅसेज पुन्हा तुमचा. लेखी देतो हवं तर.

नाही बाबा, महिनाभर झोपलात ते वाया नाही गेलं, पण ते मोजलं नव्हतं ना कोणी. आता मोजायचंय.

आंघोळीला काढायची... दाढीला चालेल.

बाबा, ते ऑफिसच्या जागेचं. साहेबांना उद्यापर्यंत कळवायचं होतं ना... ताई इथे आहे, तिलाच देऊ? म्हणजे तीच तुम्हाला काय ते...

कळवलंत?

काय कळवलंत?... 'दुसऱ्या कोणाला द्या.' थांबा, तुम्ही हे कधी... काल? बाबा, काल काहीच ठरलं नव्हतं. काल तर आम्हालाच वाटत होतं की... नापास झाली असती तर?

...

हं.

नाही, ऐकलं मी. पुन्हा सांगा, मी तिला तुमच्याच शब्दांत सांगतो. 'नापास झाली असती तर पुढच्या वर्षी झाली असती.' बरं. आणि?... 'ओट्याखाली अजून एक उन्हाळा निघाला असता.'

ताई, बाबा म्हणतायत...

बाबा, तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि परत दिला. विचारतेय, तुम्हाला झोप लागते का तिथे.

...लागते म्हणतात. छान लागते म्हणतात.

ती मान हलवतेय. म्हणतेय, आठवड्याने कळेलच. परवाच्या गाडीने येतोय आम्ही दोघं, डबी ती स्वतः बांधणार आहे तुम्हाला. तोवर आज पॅसेजमध्ये झोपा. हो, आत्ताच. डबी उचलून ओट्यावर ठेवा आणि गादी आत घ्या... तापली तर तापू दे, बाबा. ताई म्हणतेय तापू दे तिला. झोपा. ठेवतो मी.